पर्यावरण शिकायला परदेशी जावं का?

आजचा विषय मला माझ्या भाचीने दिला. गेल्या महिन्यात ती मिरजेला राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये बसली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे यशवंतपूर स्टेशनवर उतरली. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये युरोपातल्या एका विद्यापीठाचं प्रवेशपत्र. विषय : पर्यावरण विज्ञान आणि धोरण. मुदत दोन वर्षं. फी, राहणं, जाणं-येणं सगळं धरून खर्च चाळीस लाखांच्या घरात. दाजी सांगलीचं राहतं घर बँकेकडे गहाण ठेवायला निघाले होते, आणि पैसे भरायची शेवटची तारीख पंधरा दिवसांवर होती.

चहा होईपर्यंतही तिला दम नव्हता. म्हणाली, "मावशी, पप्पा हो म्हणतात, आई नको म्हणते. तू सांग."

आता मी काही शास्त्रज्ञ नाही. बावीस वर्षं इथल्या शाळेत भूगोल शिकवते. पण माझ्या घरापासून चालत गेलं की 'टाटा इन्स्टिट्यूट'ची भिंत लागते. भारतीय विज्ञान संस्थेला इथले जुने लोक अजून याच नावाने ओळखतात. जमशेटजी टाटांच्या कल्पनेतून १९०९ साली ही संस्था उभी राहिली. याच भिंतीआड दोन पुणेकरांनी आयुष्यातली तीसेक वर्षं पर्यावरणाचा अभ्यास केला. दोघंही परदेशी शिकले आणि दोघंही परत आले. भाचीला मी म्हटलं, उत्तर घाईने देणार नाही. तू आंघोळ कर, मग आपण चालत जाऊ.

त्या दिवशी चालता चालता जे बोलणं झालं, तेच आज तुमच्यापुढे मांडते. असा प्रश्न बऱ्याच घरांत असेल.

आधी तुझा प्रश्न काय ते सांग

मी तिला पहिलं विचारलं, "तुला पर्यावरणच का शिकायचंय?" ती म्हणाली, "२०१९."

सांगलीकरांना यापुढे काही सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. दाजींचं गावभागातलं किराणा दुकान पत्र्यापर्यंत बुडालं. भाची तेव्हा शाळेत होती. पाणी ओसरल्यावर तिने वडिलांबरोबर भिजलेली साखरेची पोती बाहेर ओढली आहेत.

तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच प्रश्न आहे. हे पाणी एवढं का चढतं? सांगलीत निम्मी माणसं म्हणतात, खाली कर्नाटकात अलमट्टीला पाणी अडवतात म्हणून. बाकीची म्हणतात, कोयनेच्या बाजूला पाऊसच तसा पडतो आणि आपण नदीकाठ भरून घरं बांधली आहेत. अलमट्टीची साठवण पातळी सध्या ५१९.६ मीटर आहे. कृष्णा पाणीतंटा लवादाने ती ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायला परवानगी दिली आणि महाराष्ट्राचा त्याला विरोध आहे.

मी तिला म्हटलं, एक गंमत बघ. तुझ्याकडे ते पाणी म्हणजे पूर. माझ्या वर्गात विजयपुरा आणि बागलकोटची मुलं आहेत, त्यांच्यासाठी तेच पाणी म्हणजे कालवा. धरणाची उंची वाढली तर त्यांच्या कोरड्या शेताला पाणी मिळेल असं त्यांच्या घरी बोलतात.

या एका नदीत तुझ्या अभ्यासक्रमाच्या नावातले दोन्ही शब्द आले. अलमट्टीत पाणी अमुक पातळीला असेल तर सांगलीत किती इंच चढेल, याचं उत्तर मोजून आणि गणित करून मिळतं. ते विज्ञान. पण सांगलीचा धोका आणि बागलकोटची तहान यांत कुणी किती सोसायचं, कुणाला भरपाई द्यायची, कोयना आणि अलमट्टीचे दरवाजे कुणी कुणाला विचारून उघडायचे, हे गणित सांगत नाही. ते माणसांनी बसून ठरवायचं असतं. ते धोरण. विज्ञान कच्चं असेल तर धोरण अंदाजपंचे होतं, आणि धोरण बहिरं असेल तर उत्तम विज्ञानही कपाटात पडून राहतं. म्हणून जगभर हे दोन विषय आता एकत्र शिकवतात.

गणित तिकडचं, पाऊस इकडचा

आता त्या दोन पुणेकरांकडे येऊ. सुलोचना गाडगीळ आणि माधव गाडगीळ. साठच्या दशकात दोघंही अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले. सुलोचनाबाईंनी गणिताच्या उपयोजनात डॉक्टरेट केली आणि पुढे एमआयटीत ज्यूल चार्नी यांच्याबरोबर काम केलं. संगणकावर हवामानाचा अंदाज बांधण्याचा पाया ज्यांनी घातला, त्यांतले हे चार्नी. माधवराव माशांचा अभ्यास करायला म्हणून गेले आणि तिथे परिस्थितिकीच्या गणिताकडे वळले. १९६९ मध्ये डॉक्टरेट मिळाली, नंतर दोन वर्षं त्यांनी तिथेच शिकवलं. १९७१ मध्ये दोघं पुण्याला परतले. १९७३ मध्ये सतीश धवन संचालक असताना दोघंही बेंगळुरूला या संस्थेत आले.

सुलोचनाबाईंनी हात घातला तो मान्सूनला. आपण शाळेत काय शिकतो? मीही तेच शिकवत होते. उन्हाळ्यात जमीन तापते, समुद्र थंड राहतो, म्हणून वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो आणि पाऊस आणतो. हे एडमंड हॅली यांनी १६८६ मध्ये मांडलं. वाचायला सोपं, फळ्यावर काढायला त्याहून सोपं.

पण आपल्या दारातला अनुभव आठवून बघा. जमीन सगळ्यात जास्त तापते मे महिन्यात. जुलैत जोराचा पाऊस असतो तेव्हा जमीन निवलेली असते. आणि ज्या वर्षी दुष्काळ पडतो, त्या वर्षी जमीन नेहमीपेक्षा जास्त तापलेली असते. नुसत्या तापण्याने पाऊस ओढला जात असता, तर दुष्काळात धो धो पाऊस पडला असता.

सुलोचनाबाई आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले डी. आर. सिक्का यांनी उपग्रहांची रोजची चित्रं घेतली आणि भारताच्या रेखांशांवर ढगांचा पट्टा रोज कुठे असतो ते तपासलं. त्यांचा लेख १९८० मध्ये आला. त्यांना दिसलं ते असं : विषुववृत्ताजवळ दोन्हीकडचे वारे एकत्र येऊन वर चढतात, तिथे ढगांचा पट्टा असतो. उन्हाळ्यात हाच पट्टा उत्तरेला सरकून आपल्या डोक्यावर येतो. तोच आपला मान्सून. तो कायम जागेवर राहत नाही. जमिनीवरचा पट्टा विरला की पावसाची उघडीप पडते. मग विषुववृत्ताजवळ हिंदी महासागरावर नवा पट्टा तयार होतो, उत्तरेला सरकतो आणि पाऊस पुन्हा धरतो. दोन ते सहा आठवड्यांच्या अंतराने हे चालू असतं. आपला शेतकरी पेरणी करून आभाळाकडे बघत बसतो ना, त्या दिवसांचं हे शास्त्र आहे.

भाची मध्येच म्हणाली, "म्हणजे हार्वर्डला गेल्या म्हणून जमलं." मी म्हटलं, अर्धं खरं. वाऱ्या-पाण्याचं गणित त्या तिकडे शिकल्या, ते खरंच. पण मान्सून कधी येतो आणि कधी दडी मारतो हा प्रश्न इथला होता. तो त्या बरोबर घेऊन गेल्या नसत्या तर नुसत्या गणितज्ञ झाल्या असत्या.

आणि त्या धोरणापर्यंतही आल्या. तुमकुरू जिल्ह्यातल्या पावगड भागात भुईमूग घेणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्यांबरोबर त्यांच्या गटाने काम केलं. तिथे प्रश्न उलटा विचारला गेला. "आमचा अंदाज घ्या" असं न म्हणता, "तुम्हाला कोणत्या दिवसाचा निर्णय अवघड जातो?" असं विचारलं. पेरणी कधी करायची, हा निर्णय होता. त्यावर पावसाच्या जुन्या नोंदी आणि पिकाच्या वाढीचं गणित लावलं. पुढे २००६ मध्ये त्यांनी गणितज्ञ सिद्धार्थ गाडगीळ यांच्याबरोबर दाखवून दिलं, की देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा कमी झाला तरी मोठ्या दुष्काळाचा फटका कमी झालेला नाही. तो देशाच्या एकूण उत्पन्नाच्या दोन ते पाच टक्के राहिला आहे. एवढी माहिती अर्थखात्याच्या टेबलावर असणं किती गरजेचं आहे, सांगायला नको.

बांबूचे काटे

माधवरावांची एक हकिगत मी वर्गात दर वर्षी सांगते. १९७५ च्या सुमाराची गोष्ट आहे. उत्तर कर्नाटकाच्या घाटभागात बांबू संपत चालला होता. टोपल्या-सुपं विणणारे बुरूड तक्रार करत होते. तिकडे कागद कारखान्याला सरकारकडून बांबू मिळत होता, आणि सुरुवातीला त्याचा दर होता टनामागे दीड रुपया. बुरुडांना बाजारात त्याच्या कितीतरी पट मोजावे लागत. वनखातं आणि कारखाना म्हणत, गावकरी गुरं सोडतात, बांबू तोडतात, म्हणून बांबू संपतो. सरकारने गाडगीळांना अभ्यास करायला सांगितलं.

ते आणि त्यांचे सहकारी जंगलात जाऊन बांबूची बेटं मोजू लागले. वनखात्याचा एक नियम होता. बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांची गुंतवळ असते, ती साफ करायची, म्हणजे नवे कोंब सरळ वाढतात. पुस्तकात बघायला नियम शहाणा वाटतो. गावकरी म्हणाले, अहो, ते काटेच तर कोंबाला वाचवतात. काटे काढले की गुरं, वानरं, साळिंदर कोंब खाऊन टाकतात. गाडगीळांनी ते नुसतं ऐकून सोडलं नाही. साफ केलेली आणि न केलेली बेटं वेगवेगळी धरून मोजणी केली. गावकऱ्यांचं म्हणणं खरं निघालं.

मला यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, गावकऱ्यांचं म्हणणं त्यांनी भाबडेपणाने खरं मानलं नाही आणि अडाणी म्हणून उडवूनही लावलं नाही. ते तपासलं. दुसरं, तपासायची पद्धत जगभर चालते तीच होती : एका ठिकाणी बदल करा, एका ठिकाणी करू नका, आणि फरक मोजा. हार्वर्डची पद्धत आणि घाटातल्या माणसाचं निरीक्षण एकत्र आलं तेव्हा चुकीचा नियम उघडा पडला.

तसंच देवरायांचं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतले वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया फिरून नोंदल्या. तोवर देवराई म्हणजे अंधश्रद्धा, एवढंच शिकलेली माणसं समजत. त्यांच्या लेखांनंतर देवराई हा जगभरच्या परिस्थितिकीच्या अभ्यासाचा विषय झाला. म्हणजे संशोधन फक्त तिकडून इकडे येत नाही, इकडून तिकडेही जातं.

भाताच्या खाचरातला आकडा

एव्हाना आम्ही मल्लेश्वरमला अठराव्या क्रॉसपाशी पोहोचलो होतो. इडली खाता खाता भाची म्हणाली, "पण मावशी, आपल्याकडचं संशोधन बाहेर कोण विचारतं?" तेव्हा मी तिला मिथेनची गोष्ट सांगितली.

मिथेन हा हवा तापवणारा वायू. पाणी साचलेल्या भाताच्या खाचरात चिखलातले जिवाणू तो तयार करतात. १९९० च्या आसपास हवामान बदलाचा जागतिक करार व्हायचा होता. कोणता देश किती वायू सोडतो याचे आकडे मांडले जात होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज होता, की भारताची भातशेती वर्षाला ३ कोटी ७८ लाख टन मिथेन सोडते. हा आकडा परदेशातल्या शेतांवरच्या मोजमापांवरून काढलेला होता.

दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे ए. पी. मित्रा यांनी देशातल्या अनेक संस्था एकत्र केल्या आणि १९९१ मध्ये थेट खाचरांत मोजणी केली. रोपांवर बंद पेटी ठेवायची, ठरावीक वेळाने आतली हवा सुईने काढायची आणि तपासायची. उत्तर आलं, वर्षाला साधारण ४० लाख टन. म्हणजे आधीच्या आकड्याच्या जवळपास नववा हिस्सा. आपली बरीच भातशेती पावसावरची आहे, सगळी खाचरं हंगामभर सतत भरलेली नसतात, मातीही वेगळी असते. कोकणातला कुठलाही शेतकरी हे सांगेल. पण त्याचं सांगणं करारात घालायचं तर ते मोजून, जगाला मान्य होईल अशा पद्धतीने मांडावं लागतं.

तो जुना आकडा तसाच राहिला असता, तर भात पिकवणाऱ्या गरीब माणसावर न केलेल्या प्रदूषणाचा ठपका बसला असता. भाची गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे मोजायला शिकणं हेच मोठं आहे."

सगळ्या जगाची एकच मोजपट्टी

आंतरराष्ट्रीय संशोधन म्हणजे विमानात बसून परिषदांना जाणं, असा आपला समज असतो. खरं काम कसं असतं त्याचं एक उदाहरण सांगते. पनामा देशात बारो कोलोरॅडो नावाचं बेट आहे. तिथे १९८० च्या सुमाराला पन्नास हेक्टर जंगल आखून घेतलं आणि छातीच्या उंचीवर एक सेंटिमीटरपेक्षा जाड असलेलं प्रत्येक झाड मोजलं, त्याला क्रमांकाचा बिल्ला लावला. दोन लाखांच्या वर झाडं भरली. काही वर्षांनी पुन्हा तीच झाडं मोजायची : किती वाढली, किती मेली, नवी किती आली.

१९८३ मध्ये माधवरावांनी इथे परिस्थितिकी विज्ञान केंद्र सुरू केलं. हत्तींचे अभ्यासक रामन सुकुमार तिथलेच. या केंद्राने १९८८ मध्ये तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात पन्नास हेक्टरांचा तसाच तुकडा आखला. तीच जाडी, तीच उंची, तीच पद्धत. इथे झाडं भरली पंचवीस हजारांच्या वर. पनामाचं जंगल ओलं आणि दाट, मुदुमलाईचं कोरडं. इथे वणवा लागतो, हत्ती फांद्या मोडतात, साली सोलतात. मोजपट्टी एकच असल्यामुळेच हा फरक आकड्यांत दिसतो. आता जगभरातले असे तुकडे एका जाळ्यात जोडलेले आहेत. तापमान वाढलं तर जंगलाचं काय होईल, हे एका देशाच्या दहा वर्षांच्या नोंदींवरून कळत नाही. अनेक देशांच्या अनेक दशकांच्या नोंदी लागतात. आणि त्या नोंदी करणारी माणसं पावसात, जळवांत, फूटपट्टी घेऊन उभी असतात. त्यांत जंगलातले आदिवासी सहकारीही असतात. त्यांना झाड पानावरून नाही, सालीवरून ओळखता येतं.

उत्तम अहवाल आणि न पोहोचलेली भाषा

आम्ही सँकी तलावाच्या काठावर बसलो. हा तलाव १८८२ मध्ये बांधला. आमच्या शेजारचं मत्तीकेरे घ्या, 'केरे' म्हणजे कानडीत तळं. या शहरात कितीतरी वस्त्यांच्या नावात तळं उरलंय, जमिनीवर ते नाही. भाचीला म्हटलं, आता धोरण कुठे अडतं ते ऐक.

मार्च २०१० मध्ये केंद्र सरकारने पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठी माधव गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ गट नेमला. ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल गेला. त्यात घाटाचे तीन दर्जे पाडले होते : कुठे अजिबात खाणी नकोत, कुठे सांभाळून काय चालेल. आणि एक महत्त्वाची गोष्ट होती. हा आराखडा अंतिम नाही, ग्रामसभांमध्ये चर्चा होऊन मग ठरावा, असं त्यात म्हटलं होतं.

पुढे काय झालं? अहवाल काही महिने बाहेरच आला नाही. माहिती आयोगाचा आदेश आणि दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल झाल्यावर २०१२ मध्ये तो लोकांना वाचायला मिळाला. पण तो इंग्रजीत. सिंधुदुर्गातल्या ग्रामसभेने तो वाचायचा कसा? अहवालात काय आहे हे कळायच्या आत 'आता घरही बांधता येणार नाही' अशा अफवा गावोगाव पोहोचल्या. त्याच वर्षी कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा गट नेमला गेला. त्यांनी २०१३ मध्ये घाटाचा साधारण ३७ टक्के भाग संवेदनशील धरावा असं सुचवलं. त्यावरही मसुद्यामागून मसुदे निघत राहिले. सहावा मसुदा निघाला ३१ जुलै २०२४ ला, वायनाडमध्ये दरड कोसळली त्याच्या दुसऱ्या दिवशी. आणि वायनाडची दरड ३० जुलैची. पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव गाडलं गेलं तेही ३० जुलैला, बरोबर दहा वर्षं आधी, २०१४ मध्ये.

अहवाल लागू झाला असता तर अमुक दरड कोसळली नसती, असं मी म्हणणार नाही. प्रत्येक दरडीचं कारण वेगळं तपासावं लागतं. पण ज्यांच्या डोक्यावर डोंगर आहे, त्यांना त्यांच्या भाषेत ते विज्ञान समजलंच नाही, हे मात्र खरं. भाचीला मी सांगितलं, तू कितीही मोठ्या विद्यापीठात शीक, शेवटी तुला गावभागातल्या माणसाला मराठीत आणि बागलकोटच्या माणसाला कानडीत समजावता आलं पाहिजे. तोही अभ्यासाचाच भाग आहे.

मग जावं की न जावं?

मंडळी, ज्यांच्या घरी असं प्रवेशपत्र आलंय त्यांच्यासाठी आता कामाचं बोलते. मी भाचीला चार प्रश्न लिहून दिले.

पहिला : माझा प्रश्न कोणता? 'मला पर्यावरणासाठी काहीतरी करायचंय' हा प्रश्न नाही. 'सांगलीत पाणी का चढतं' हा प्रश्न आहे.

दुसरा : त्यासाठी कोणतं हत्यार हवंय, आणि ते इथे मिळत नाही का? गणित, संख्याशास्त्र, उपग्रहचित्रांचा अभ्यास, कायदा, अर्थशास्त्र, जे असेल ते. विज्ञान संस्थेत परिस्थितिकीचं, हवामानशास्त्राचं आणि हवामान बदलाचं अशी वेगळी केंद्रं आहेत. बेंगळुरूतच १९९६ मध्ये सुरू झालेली 'अत्री' ही संस्था आहे. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, आयआयटीत ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचं 'सितारा' केंद्र आहे. हे सगळं बघून झाल्यावरही हवं ते तिकडेच मिळत असेल, तर जरूर जावं.

तिसरा : प्रबंधाचा विषय मला माझ्या गावचा घेता येईल का? हे आधी पत्र लिहून विचारावं. उत्तरावरून विद्यापीठ कसं आहे ते कळतं.

चौथा : पैसे कुणाचे? युरोपात इरॅस्मस मुंडस शिष्यवृत्ती आहे, ती फी भरते आणि महिन्याचा खर्चही देते. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसते, राहण्या-खाण्याचा खर्च करावा लागतो. महाराष्ट्र सरकारची अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. यांच्या तारखा वर्षभर आधी येऊन जातात, तिथेच आपण चुकतो. या क्षेत्रात सुरुवातीचे पगार मोठे नसतात. चाळीस लाखांचं कर्ज डोक्यावर असलेली मुलगी नदीचा अभ्यास करायला परत येत नाही. हप्ते फेडायला जी मिळेल ती नोकरी धरते. पैशाचा आणि परत येण्याचा असा थेट संबंध आहे.

भाचीने त्याच रात्री विद्यापीठाला पत्र लिहिलं. तिसऱ्या दिवशी तिथल्या प्राध्यापकांचं उत्तर आलं : कृष्णेवर प्रबंध करता येईल, पण प्रवाहाचे आकडे मिळतील का? हा प्रश्न योग्य होता. गंगा, ब्रह्मपुत्रा, सिंधू या खोऱ्यांचे प्रवाहाचे आकडे सरकार गोपनीय ठेवतं. पण कृष्णेचं तसं नाही. केंद्रीय जल आयोगाच्या कराड, कुरुंदवाड अशा केंद्रांवरच्या नोंदी सरकारी संकेतस्थळावर बघता येतात. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिने कुरुंदवाडचा पहिला तक्ता उघडला आणि २०१९ चा ऑगस्ट शोधला.

तिने काय ठरवलं? प्रवेश एक वर्ष पुढे ढकलण्याची विनंती केली आणि ती मान्य झाली. या वर्षी ती शिष्यवृत्तीचे अर्ज भरते आहे. ते मिळाले नाहीत तर काय, हे तिचं ठरलेलं नाही, आणि ताईची काळजी अजून गेलेली नाही. घर मात्र तूर्त गहाण पडलं नाही.

परवा तिचा फोन आला होता. गावभागात घरोघरी भिंतींवर पुराच्या पाण्याच्या खुणा आहेत, कुणी रंगाने केलेल्या, कुणी खिळ्याने ओरखडलेल्या. त्या ती जमिनीपासून मोजून वहीत लिहिते आहे, सालासकट. टेपचं दुसरं टोक धरायला दाजी असतात. दुकान उघडायच्या आधी सकाळी तासभर दोघं हिंडतात.

तुमच्या गावात अशा खुणा असतील तर त्याही मोजून ठेवा. वही जपून ठेवा, कधी ना कधी कुणाला तरी लागेल. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.